धवलारीण गेली मॅच बघायला

चारकोप गावठाणात कुणाचं लग्न ठरलं की आधी हॉल बघत नाहीत, आधी कमळला विचारतात. हॉल काय, दहा मिळतील. धवलारीण एकच.

कोळ्यांच्या लग्नात भटजी असतो, नाही असं नाही. तो येतो, मंगलाष्टकं म्हणतो, घड्याळाकडं बघतो आणि पुढच्या लग्नाला जातो. पण मांडवात देवांना बोलावणं, हळदीला हात लावायची परवानगी देणं, नवरीला पाटावर बसवणं आणि उठवणं, हे सगळं धवलारणीच्या तोंडून होतं. ती धवले, म्हणजे लग्नविधीची गाणी, म्हणते, मागच्या बाया ओळ झेलतात, आणि तिचं गाणं पुरं होईस्तोवर बेंजोवाला कितीही मोठा असो, त्याला बोटं आवरून बसावं लागतं. कमळचा आवाज मांडवातून निघाला की खाडीच्या काठापर्यंत जायचा. माइक पुढं केला तर ती माइकवाल्याकडं अशी बघायची की तो बिचारा स्वतःच तो मागं घ्यायचा.

तोच आवाज सकाळी मासळीबाजारात लागायचा. सेक्टरच्या सोसायट्यांमधल्या बायका पापलेटाचा भाव पाडायला आल्या की कमळ म्हणायची, "बाय, दर्यान जाऊन इचार, तो कमी करतो का." तरी गिऱ्हाईक तिलाच चिकटून. जीभ तिखट असली तरी मासा ताजा होता. नवरा चंदू, भाटी बंदरातल्या एका बोटीवर जायचा आणि घरी फारसा बोलायचा नाही. बोलायला जागाच उरायची नाही, त्याला तो तरी काय करणार.

धवल्याचा एक नेम कमळला सासूनं दिला होता, सासूला तिच्या सासूनं. ज्या तोंडानं धवला सुरू केला त्याच तोंडानं तो संपवायचा. अडलंच कधी, तर त्याच घरातल्या बाईनं उचलायचा. परक्या तोंडी द्यायचा नाही. कमळवर कधी अशी वेळ आली नव्हती, आणि आली असती तर वाटच लागली असती. घरात दुसरी बाई कोण, तर नेत्रा. एकुलती एक लेक. आणि नेत्राच्या हातात सदा तो नारिंगी बॉल.

लहान असताना नेत्रा आईबरोबर प्रत्येक मांडवात जायची. आईच्या मांडीवर डोकं टाकून, आईचं पोट गाताना आत-बाहेर होतंय ते गालाला लागत असताना झोपून जायची. शाळेत बास्केटबॉल लागला आणि मांडव सुटला. मग संध्याकाळी ओसरीवर कमळ नवे-जुने धवले घोळवत बसायची आणि पुढच्या अंगणात नेत्राचा बॉल धपधप चालायचा. कमळ ओरडायची, "तुजा तो धपाधप बंद कर गो, माजी ओल चुकते!" नेत्रा हसायची आणि बॉल आणखी ठेक्यात टाकायची. चंदू दारात जाळं शिवत दोघींचं ऐकायचा.

पुढं नेत्रा कॉलेजात गेली आणि विद्यापीठाच्या संघात तिची निवड झाली. गावठाणाच्या नाक्यावर तिच्या फोटोचा बॅनर लागला. फोटोत तिच्यापेक्षा मंडळाच्या कार्यकर्त्यांचीच तोंडं जास्त होती, पण मधलं मोठं तोंड नेत्राचं होतं. दर हिवाळ्याला देशभरातल्या विद्यापीठांची स्पर्धा असायची, आज इथं तर पुढल्या वर्षी तिथं. नेत्रा जायची. रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा. "आये, आम्ही जिंकलो." कमळ दुसऱ्या दिवशी बाजारात प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायची, "माजी नेत्रा जिंकली." सांगताना मासळीच्या वाट्यावर एक मांदेली जास्त पडायची.

पण लेकीचा एकही सामना कमळनं पाहिला नव्हता. पाहणार कसा? तुळशीचं लग्न लागलं की माणसांची लग्नं सुरू. स्पर्धा हिवाळ्यात आणि लग्नंही हिवाळ्यात. कमळ म्हणायची, "पुढल्या वर्सी नक्की येते." असं करता करता नेत्राचं शेवटचं वर्ष आलं. आणि गेल्या हिवाळ्यात ती स्पर्धा आली मुंबईतच, अंधेरीच्या एका मोठ्या हॉलमध्ये.

आता नाही पाहिलं तर कधीच नाही, हे कमळला कळत होतं. तिनं मोसमातल्या सगळ्या तारखा बोटांवर आठवून पाहिल्या. पहिल्या दिवसांतल्या सामन्यांना लग्नं आडवी येत होती. संघ तिथवर पोचला तर उपांत्यपूर्व सामना दुपारी होता, आणि त्याच संध्याकाळी गावठाणातल्या सीतारामच्या लेकीची, मनालीची हळद. दुपारी अंधेरी, दिवेलागणीला चारकोप. जमतं.

"नको येऊस गं," नेत्रा म्हणाली.

"का?"

"हॉलमध्ये एसी असतो. गारठशील."

कमळनं लेकीकडं नीट पाहिलं. "पहाटेपासून बर्फान हात घालून बसते मी. मना थंडीचा भेव दाखवतेस?"

नेत्रा बुटांच्या नाड्या सोडून पुन्हा बांधत बसली.

कमळ निघाली ती शेवंतीला घेऊन. शेवंती म्हणजे बाजारात शेजारी बसणारी आणि मांडवात मागची ओळ झेलणारी. पोटात तिच्या काही राहत नाही. तिला सांगितलं काय आणि चौकात दवंडी पिटली काय, सारखंच. दोघींनी लुगडी नेसली, गजरे माळले, अंगावर असेल तेवढं सोनं घातलं आणि मेट्रोनं अंधेरीला गेल्या. हॉलमध्ये जीन्स घातलेल्या पोरापोरींत त्या दोघीच अशा. एका पोरानं उठून जागा दिली तर शेवंती म्हणाली, "बघ, लगनातल्यासारका मान हाय."

मैदान लाकडाचं, चकचकीत. समोर दक्षिणेकडचा कुठलासा संघ, सगळ्या उंच. आपल्या पोरी खाली, जरा बाजूला, एका रांगेत खुर्च्यांवर. कमळनं नेत्रा शोधून काढली आणि तिचं काळीज सुपाएवढं झालं. पोरी उठून मैदानात गेल्या. पाचजणी. सगळ्यांनी अंगावरची निळी जाकिटं काढून खुर्चीवर टाकली होती. नेत्रानं नव्हतं काढलं. ती खुर्चीतच होती.

"ही काय बसली?" शेवंतीनं विचारलं.

"पाली असंल. आपल्याकडं नाय का, एकीनं दोन ओली म्हनायच्या, मग दुसरीनं."

शेवंतीला पटलं. सामना सुरू झाला. बॉल इकडून तिकडं, तिकडून इकडं, शिट्ट्या, बुटांचे कुईकुई आवाज. खुर्चीवरच्या पोरी आलटून पालटून आत जात होत्या, घामानं निथळून बाहेर येत होत्या. पहिला भाग झाला, दुसरा झाला. नेत्राची पाळी काही येईना.

"जाकीट तरी काड म्हनावं तिला," शेवंती कुजबुजली. "आयत्या वेलेला घाई व्हायची."

कमळला वाटलं, पोरीला खरंच थंडी वाजतेय.

तिसऱ्या भागात आपल्या एका पोरीचा पाय मुरगळला. तिला दोघींनी धरून बाहेर आणलं. माधुरी मॅडम, संघाच्या कोच, खुर्च्यांच्या रांगेकडं वळल्या. नेत्रा झटकन उभी राहिली आणि तिनं जाकिटाची चेन गळ्यापासून खालपर्यंत सर्रकन उघडली. मॅडमचं बोट तिच्यावरून पुढं गेलं आणि शेजारच्या पोरीवर थांबलं. ती पोर आत पळाली. नेत्रा क्षणभर तशीच उभी राहिली. मग बसली, आणि तिनं चेन हळूहळू वर ओढून घेतली. गळ्यापर्यंत.

कमळला तेव्हा कळलं. ती चेन वर जाताना पाहिली आणि सगळंच कळलं. आजच नाही, ही पोर तीन वर्षं अशीच बसलेय. नाक्यावरचा बॅनर आठवला, बाजारात वाटलेल्या जादा मांदेली आठवल्या, आणि आधी तिला लाज वाटली. खोटं कशाला सांगावं, पहिल्यांदा लाजच वाटली. शेजारी शेवंती बसलेली. शेवंतीलाही कळलं होतं, कारण ती एकदम गप्प झाली होती आणि शेवंती उगीच गप्प होत नाही. कमळला वाटलं, उठावं, पदर सारखा करावा आणि सरळ घरी जावं. हळदीची घाई झाली म्हणून सांगता येईल.

पण तिनं परत एकदा लेकीकडं पाहिलं, आणि मग पाहतच राहिली. इतका वेळ ती नेत्राच्या पाळीची वाट बघत होती, त्यात नेत्राला बघायचं राहूनच गेलं होतं.

नेत्रा नुसती बसली नव्हती. बाहेर आलेल्या पोरीच्या खांद्यावर टॉवेल नेत्रा टाकत होती. पाय मुरगळलेल्या पोरीच्या घोट्यावर बर्फाची पिशवी धरून बसली होती, आणि बर्फ कसा धरायचा ते तिला कुणी शिकवायला नको होतं. आणि या सगळ्यात तिचं तोंड चालू होतं. "डावीकडून येतेय! समीक्षा, मागं बघ! हात वर, हात वर!" एवढ्या गोंगाटातून तो आवाज सरळ मैदानाच्या त्या टोकाला जात होता. समीक्षा म्हणजे संघाची कप्तान, मुलुंडची उंचशी पोर. बॉल बास्केटमध्ये टाकायला एकटी उभी राहिली की ती मॅडमकडं बघत नव्हती, आधी नेत्राकडं बघायची. नेत्रा दोन वेळा टाळी वाजवायची, धप धप, अंगणातल्या बॉलसारखी. मग समीक्षा बॉल टाकायची.

शेवटचा भाग सुरू झाला. दोन्ही संघ अगदी लागून लागून होते. दक्षिणेकडच्या पोरींच्या बाजूनं कुणीतरी ढोल आणला होता, तो वाजायला लागला. त्यात नेत्राचा आवाज बुडायला लागला. ती उभी राहून, मानेच्या शिरा ताणून ओरडत होती आणि समीक्षापर्यंत काही पोचत नव्हतं.

पोर ओरडतेय आणि तिचा आवाज पोचत नाही, हे कमळच्यानं बघवेना. ती उठली. लुगड्याचा पदर कमरेला खोचला.

"समीक्षाऽऽऽ! डावीकडून गो! डावीकडून!"

आख्खा हॉल वळून बघायला लागला. पंचानंही मान वळवली. ढोलवाल्याची टिपरी एक ठेका चुकली. नेत्रा दचकून वर बघत राहिली. पाठीमागं कमळ उभी, लुगड्यात, गजऱ्यात, तोंड उघडं.

"बगतेस काय? बोल!" कमळ तिला ओरडली.

मग नेत्रा बोलत गेली आणि कमळ झेलत गेली. खालून लेक म्हणायची "हात वर," वरून आई तेच खाडीपलीकडं पोचेल असं म्हणायची. डावं-उजवं सोडून कमळला त्यातलं काही कळत नव्हतं. मध्येच "घे गो, घे, सोडू नको, तुजाच हाय" असं बाजारातलंही निघायचं. शेवंतीनं तोंडात बोट घातलं होतं, पण दोन ओळी झाल्यावर तिला राहवेना. तिचीही सवय झेलायची. ती पण उठली. चार पोरं हसली, मग तीच पोरं टाळ्या धरायला लागली.

गोष्ट सांगणाऱ्याच्या हातात असतं तर आपला संघ जिंकला असता आणि शेवटी नेत्राला आत पाठवलं असतं. तसं झालं नाही. एका बास्केटनं हरले. शिट्टी वाजली तेव्हा नेत्राचं जाकीट तसंच गळ्यापर्यंत लावलेलं होतं. तिची कॉलेजातली शेवटची स्पर्धा संपली होती.

बाहेर पायऱ्यांवर पोरी रडत होत्या. नेत्रा कमळसमोर आली आणि मान खाली घालून उभी राहिली. "तू कधी विचारलंच नाहीस, मी खेळले का," ती म्हणाली. "मी आम्ही जिंकलो म्हणायचे. ते खरंच होतं, आये."

कमळला पुष्कळ बोलायचं होतं. तिनं तोंड उघडलं तर घशातून नुसती घरघर आली. तिनं लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तिच्या हातातली बॅग आपल्या खांद्याला लावली.

तेवढ्यात समीक्षा आली. डोळे सुजलेले. "काकू, हिला हा आवाज कुठून मिळाला ते आज कळलं," म्हणाली आणि नेत्राच्या गळ्यात पडली. मागून माधुरी मॅडमही काहीतरी बोलल्या, पण कमळचं लक्ष नव्हतं. तिच्या एव्हाना ध्यानात आलं होतं. दोन तासांनी मनालीची हळद, आणि धवलारीण आपला गळा अंधेरीला सांडून आली होती.

अशी चूक चारकोपात आजवर कुठल्या धवलारणीनं केली नव्हती. हळदीच्या दिवशी धवलारीण थंड पाणी पीत नाही, कुणाशी भांडत नाही, दुपारपासून गळा जपते. सासूनं हे सारं पढवलं होतं. घरी पोचल्यावर मध-आलं झालं, गरम पाणी झालं, चंदूनं न बोलता ज्येष्ठमध आणून दिला. आवाज थोडा फुटला. एवढ्यावर निभेल, कमळला वाटलं.

सीतारामच्या दारात मांडव लखलखत होता. मनाली पाटावर बसली होती, सवाष्णी हळदीच्या वाट्या घेऊन वाट बघत होत्या. कमळ पाटाजवळ बसली. शेवंती आणि बाकीच्या बाया मागं. नेत्रा कपडे न बदलताच आली होती, तीच ट्रॅकपँट, तेच निळं जाकीट. ती मांडवाच्या कडेला बायांत उभी राहिली.

कमळनं सुरुवात केली.

"हलद कांडिली गो, गावदेवीचे दारी,
पयली चिमूट गो, दर्याचे पानी..."

दोन ओळी गेल्या. तिसरीला आवाज चिरकला. चौथीला तुटला. कमळनं खाकरून परत ओळ धरली आणि तोंडातून फक्त हवा आली. मागच्या बाया झेलायला थांबलेल्या, आणि झेलायला काही नाही. मांडव शांत झाला. मनालीनं घाबरून वर पाहिलं. तिच्या आईचा चेहरा पडला. अर्धा धवला म्हणजे अर्धी हळद. शेवंतीला सगळा धवला पाठ होता, तिच्या ओठांवर ओळ आली होती, पण ती परक्या घरची. तिला उचलता येत नव्हती. कमळनं आयुष्यात कधी मान खाली घातली नव्हती, ती त्या पाटाजवळ घातली.

तेव्हा मांडवाच्या कडेला आवाज झाला. सर्रकन.

नेत्रानं जाकिटाची चेन उघडली होती. जाकीट तिनं शेवंतीच्या मांडीवर टाकलं आणि येऊन आईच्या शेजारी मांडी घालून बसली. तळहातानं मांडीवर दोन वेळा ठेका धरला, धप धप.

"तिसरी चिमूट गो, मांडवाचे मेढी,
चवथी चिमूट गो, मायबापा थोडी..."

आवाज कोवळा होता, पण वाट तीच होती. कमळला वाटलं, ही हे कधी शिकली? मी तर शिकवलं नाही. मग तिला तिच्या मांडीवर टेकलेलं ते लहान डोकं आठवलं, अंगणातला तो बॉल आठवला. वर्षानुवर्षं ही पोर सगळ्या ओळी कानांत भरून कडेला बसली होती. कुणी आत बोलावलं नव्हतं, एवढंच. कमळच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं आणि तिनं ते पुसलं नाही. नेत्रा एका ठिकाणी देवांची नावं विसरली, कमळनं ओठांनी दाखवली, नेत्रानं उचलली, बायांनी झेलली. हळद लागली. मनालीच्या गालांवर, मग सगळ्यांच्याच. बेंजोवाल्यानं एकदाचा सुस्कारा सोडला आणि वाजवायला घेतलं.

शेवंती ते जाकीट छातीशी धरून बसली होती. अंधेरीत काय झालं ते तिनं गावठाणात कुणाला सांगितलं नाही, आणि शेवंतीच्या पोटात राहिलेली ही आयुष्यातली एकमेव गोष्ट.

दुसऱ्या दिवशी लग्न. नवऱ्याकडची एक म्हातारी मांडवात कमळशेजारी येऊन बसली. कमळचा गळा अजून पुरता बसलेला. नेत्रा तिच्या पलीकडं, आज साडीत, पुढच्या धवल्यातली देवांची नावं पुन्हा पुन्हा मनात घोळवत.

"काल हलदीचा धवला फोनवर आयकवला मना पोरींनी," म्हातारी म्हणाली. "आवाज नवा वाटला. कोनी बोलला गो?"

कमळनं नेत्राकडं पाहिलं. नेत्रानं मान खाली घातली. तिला ते उत्तर माहीत होतं. आई म्हणेल, मी बोलले; धवला ज्या तोंडानं सुरू होतो त्याचंच नाव लागतं, तीच रीत.

कमळनं लेकीचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला, घशात उरला होता तेवढा आवाज गोळा केला आणि म्हणाली,

"आमी."